पंधरानंतर थेट सतरा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं गाव तारीखराव म्हणायचं, आणि तेही ते नाव पदवीसारखं मिरवायचे. वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात 'आजच्या तारखेला' अशी एक चौकट यायची, ती त्यांची. याच तारखेला पूर्वी कुठे तह झाला, कुठे धरणीकंप, कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला सिनेमा लागला, कुठल्या गाण्याची तबकडी निघाली, असल्या आठ-दहा ओळी. लोक मथळे सोडून आधी ती चौकट वाचत. आता फोनला विचारलं की फोन सांगतो, आणि ऐकून झालं की आपण विसरतो.

कचेरीत त्यांना जिन्याखालची खोली मिळाली होती. खोली कसली, तिरक्या छताचा कोनाडाच. उभं राहायचं तर दाराजवळच, आत गेलं की बसावंच लागे. भिंतीला लाकडी खण, खणांत पाकिटं, प्रत्येक तारखेचं एक. जगभरच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं ते त्यात कोंबत. वरून जिन्यावर कोणी धावलं की छतातली माती टेबलावर पडायची. चहा पिताना पावलं ऐकू आली की त्यांचा हात आपोआप कपावर जायचा. आमच्या घरीही जायचा, आणि आमच्याकडे तर जिनाच नव्हता.

संपादकांना त्या चौकटीतली सिनेमाची भेसळ खपत नसे. "युद्धाच्या शेजारी नटीचा वाढदिवस? पोरखेळ आहे का हा?" असं ते विचारायचे. तारीखराव शांतपणे म्हणायचे, "साहेब, माणूस हे सकाळी चहा पिताना वाचतो. त्याच्या पुढ्यात मी एक बुडालेली बोट ठेवली तर एक गाणंही ठेवायला नको का?" संपादक बदलले, चौकट तशीच राहिली.

पुढे लोक त्यांना अडवून विचारायला लागले. बाजारात, दवाखान्यात, कोणाच्या बारशाला गेलं तर पाळण्यापाशी. "तारीखराव, आमच्या बाळाच्या तारखेला काय झालं होतं?" आणि त्यांच्याकडे प्रत्येक बाळासाठी काहीतरी गोड असायचंच. बारा एप्रिलच्या पोराला ते सांगत, "तुझ्या दिवशी माणूस पहिल्यांदा पृथ्वीबाहेर गेला." त्याच दिवशी एक अख्खं युद्ध सुरू झालं होतं, हे मात्र पोटात. मी एकदा म्हटलं, "हे लबाडीचं नाही का?" तर म्हणाले, "ताई, बाळाला सगळं सांगायची घाई कशाला? आयुष्य पडलंय."

माझी बहीण शाळेत गणित शिकवायची आणि हसायला लागली की उचकी लागेपर्यंत हसायची. ढगळ विजार, आखूड कोट आणि हातात काठी घेतलेला तो मूकपटातला विनोदी नट तिचा फार लाडका. त्याचा जन्म सोळा एप्रिलचा. दरवर्षी त्या दिवशीची चौकट तारीखराव आधी तिला वाचून दाखवत. ती पास म्हणाली तरच छापायला जायची.

त्या वर्षी ती दवाखान्यात होती. शस्त्रक्रिया नीट झाली होती, घरी सोडायची बोलणी चालली होती. पंधराच्या संध्याकाळी त्यांनी तिच्या खाटेशी बसून चौकट वाचली. शेवटची ओळ होती, "आज हसायला कोणाची परवानगी लागत नाही." तिने टाके धरून हसून घेतलं आणि पास केली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर धावले, पण काही उपयोग झाला नाही.

तोवर वर्तमानपत्र घरोघरी पडलेलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ते वाचून आलेला. शेजारचे वकील, माणूस भला पण जिभेला हाड नाही, तारीखरावांचा हात हातात घेऊन आणखी काय बोलावं हे न सुचून म्हणाले, "आजची चौकट छान जमली होती हो." मी त्यांना बाजूला केलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे.

तेव्हापासून सोळा एप्रिलला तारीखराव रजा घ्यायचे. त्या दिवशीची चौकट खेळाच्या पानाचा माणूस लिहायचा, म्हणून तिच्यात नुसते गोल आणि धावा. तारीखराव घरी दार लावून बसत. रेडिओ बंद, हाकेला ओ नाही, ताट दाराशी ठेवलं तर तसंच परत. माझी भाची, ठमी म्हणतो आम्ही तिला, तेव्हा जेमतेम चौदा-पंधराची. आई गेलेल्या दिवशी दरवर्षी तिचा बापही बंद दाराआड जायचा. ती माझ्याकडे यायची, काही न बोलता माझं कपाट आवरून द्यायची आणि संध्याकाळी परत जायची. माझं कपाट इतकं नीट पुन्हा कधी राहिलं नाही.

ठमी मोठी झाली, औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि तिने स्वतःच स्वतःचं लग्न जमवलं. मुलगा बोटीवर इंजिनियर. नाव कळण्याआधी सासऱ्याला धंदा कळला आणि तिथेच पाल चुकचुकली. तरी मुलगा गोड होता. त्याची आई शिवणकामाचं दुकान चालवायची. गळ्यातली टेप काढायचं भान नसलेली, मोकळ्या तोंडाची बाई. मला पाहताक्षणी आवडली.

लग्न नोंदणी कचेरीत करायचं ठरलं. नोटीस देऊन झाली. अडचण एवढीच, की नोटिशीची मुदत तेरा एप्रिलला संपणार आणि एकोणीसला पहाटे मुलाची बोट सुटणार. पुन्हा यायला वर्ष लागलं असतं, आणि बायको म्हणून नाव लागलं तरच ठमीला त्याच्याबरोबर जाता येणार होतं. तारीख ठरवायला सगळे तारीखरावांच्या बाहेरच्या खोलीत बसलो. विहीणबाईंनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"चौदा?" त्या म्हणाल्या.

"चौदाला एका राष्ट्राध्यक्षाला नाटक बघताना गोळी घातली," तारीखराव म्हणाले.

"बरं, मग त्या दिवशी आपण नाटकाला जायचं नाही. तशीही जयंतीची सुट्टी. पंधरा?"

तारीखरावांनी एकदा जावयाकडे पाहिलं आणि एकदा जमिनीकडे. "पंधराला ती बोट बुडाली. कधी बुडणारच नाही म्हणत होते, ती."

"माझी बोट तेल वाहते, बाबा," जावई म्हणाला. "ती बुडणार नाही असं कोणीच म्हणत नाही."

ठमीने हसू गिळलं. तारीखराव हसले नाहीत. "सतरा उत्तम," ते म्हणाले. "तिघे अंतराळवीर बिघडलेल्या यानातून जिवंत परत आले. सतरा घ्या."

"सतराला रविवार," विहीणबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "कचेरी बंद. मग अठरा?"

"अठराला भूकंप झाला. शहर पडलं आणि उरलं ते जळलं."

"व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "मुलीचं लग्न लावताय की विमा उतरवताय?"

"एकोणतीस फेब्रुवारी घ्या," मी म्हटलं. "चार वर्षांतून एकदाच आठवेल."

"ताई, चेष्टा नका करू. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. मला आठवतं, एवढंच. दरवर्षी पोरीच्या लग्नाच्या वाढदिवशी सगळे गोड खात बसतील आणि माझ्या डोळ्यांपुढे माणसं पाण्यात. मी काय करू?"

ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्यांच्या तारखांचं कडू ते गिळू शकत, स्वतःच्या लेकीचं म्हटलं की घशात अडकायचं.

ठमीने बोटांवर तारखा मोजल्या. मग म्हणाली, "बाबा, पंधरानंतर सोळा येते. तुम्ही थेट सतरावर गेलात."

विहीणबाईंना काही माहीत नव्हतं, त्या कॅलेंडर चाळत म्हणाल्या, "हो की. सोळाला शनिवार, कचेरी उघडी. चांगली आहे की सोळा."

"सोळा नाही," तारीखराव म्हणाले.

"सोळाच," ठमी म्हणाली. "बाकी सगळ्या तारखांना तुम्हाला परकी माणसं आठवणार. सोळाला आई आठवेल. मला चालेल."

"तुझ्या आईच्या दिवशी तू नटून उभी राहणार?"

"आईचा दिवस कुठे राहिलाय तो? तुमचा झालाय. दार लावून बसता. मला त्यात शिरायला जागा ठेवलीत का कधी? आई माझीही गेली होती, बाबा."

तारीखराव उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. चपला दोन वेगळ्या जोडांतल्या होत्या. जावयाने मागे जायला पाऊल उचललं, त्याला मी थांबवलं. विहीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कॅलेंडर हळूच परत खिळ्याला लावलं आणि टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. ठमी म्हणाली, "मावशी, मी सोळालाच करणार. ते आले नाहीत तर तू सही कर." आवाज एकदम तिच्या आईचा. वर्गात फळ्यापुढे उभी राहिल्यासारखा.

मी सही केली असती, पण तेवढ्याने पोरीचं समाधान झालं नसतं. तिला साक्षीदार नको होता, बाप हवा होता. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले आणि त्या कोनाड्यात डोकं वाकवून शिरले. ते डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडायच्या खटपटीत होते.

"माझी बाजू मांडायला आल्या नसाल," ते म्हणाले.

"तुम्हाला बाजू आहेच कुठे मांडायला?"

"ताई, वर्षाचे सगळे दिवस मी लोकांना वाटून टाकलेत. राजांना, नट्यांना, बुडालेल्यांना. एक दिवस तिच्यासाठी ठेवला. तेवढाही मागायचा?"

उगाच गोड बोलणं मला जमत नाही. समोरच्या खणांकडे पाहत मी विचारलं, "ठमीची तारीख सहा फेब्रुवारी. त्या दिवशी काय झालं होतं?"

"फुटबॉलच्या एका नामी संघाचं विमान बर्फातून उडताना कोसळलं," ते लगेच म्हणाले. "कोवळी पोरं होती. आमचा खेळाच्या पानाचा माणूस अजून त्या दिवशी जेवत नाही."

"तुम्ही जेवता?"

"जेवतो की. ठमीचा वाढदिवस असतो."

"आणि जेवताना विमान दिसतं?"

वरून जिन्यावर कोणीतरी दडदडत गेलं. माती टेबलावर पडली. चहाचा कप उघडाच होता, पण हात हलला नाही.

"नाही दिसत," ते म्हणाले. "कधीच नाही दिसलं. ठमी असते ना समोर."

मी कपातला चहा बाहेर ओतून आले आणि नवीन सांगितला. तो येईपर्यंत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "पण मी तिथे रडलो तर?"

"तर रडा. लग्नात बाप रडला म्हणून कोणी नोंदणी नाकारल्याचं ऐकलंय?"

येतो असं ते म्हणाले नाहीत. सोळाला आम्ही नोंदणी कचेरीच्या बाकावर बसलो तेव्हा ते नव्हतेच. आमच्या आधीची जोडपी एकेक करून आत गेली. विहीणबाईंनी ठमीचा खांदा नीट करायच्या निमित्ताने तिला इतक्यांदा हात लावला की शेवटी ठमी म्हणाली, "आई, शिवण उसवेल." जावई दर थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन येत होता. आमच्या नावांचा पुकारा झाला. मी पिशवीतून चष्मा काढला, सही करायची म्हणून.

तेव्हा तारीखराव आले. इस्त्रीचा शर्ट, एकाच जोडाच्या चपला, डोळे सुजलेले. दार लावून बसायचं ते बहुधा पहाटे उठून उरकून आले होते. कोणाकडे न बघता ते थेट टेबलाशी गेले आणि माझ्यासाठी ओढलेल्या खुर्चीवर बसले. चष्मा मी परत पिशवीत टाकला.

कारकुनाने कागद पुढे सरकवला. "इथे सही. खाली आजची तारीख."

सही झाली. तारखेशी पेन थांबलं. कारकून कंटाळलेला माणूस, त्याला वाटलं म्हातारा तारीख विसरला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवणार, तेवढ्यात ठमी बापाच्या शेजारी वाकली. "लिहा, बाबा," ती म्हणाली. "मी आहे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि मग लिहिलं.

रडलेही ते, पण जेवताना, आणि विहीणबाईंनी त्यांना हात पुसायचा रुमाल देता देता म्हटलं, "व्याही, मीठ जास्त झालं का?" त्यावर ते रडता रडताच हसले.

ठमी आठवड्यात बोटीवर चढली. त्यानंतर तारीखराव जितकी वर्षं जगले तितकी वर्षं सोळा एप्रिलच्या सकाळी ते दार लावूनच बसले. शहाणे झाले, सावरले, असं मी म्हणणार नाही, माणसं इतकी बदलत नाहीत. पण जेवायच्या वेळेला दार उघडायचं आणि "लेकीचा फोन आला का?" असं विचारत ते माझ्याकडे यायचे. फोन आला की पलीकडच्या बंदरातलं हवापाणी, जावयाच्या इंजिनाची कुरकुर आणि मग आईच्या गोष्टी, असं करत बराच वेळ बोलणं चाले. बिल मी भरायचे, कारण फोन माझ्याकडे होता आणि ठमी तो घेणाऱ्याच्या बिलावर लावायची.

अर्धा दिवस मेलेल्याला आणि अर्धा जित्याला. मला विचाराल तर ही वाटणी वाईट नाही.