कापसातला बर्फ

पुसदच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. "मले काय विचारतं बाप्पा? करून पाह्य!" म्हणत त्या सेल, वायर आणि बल्ब पुढे सरकवतात आणि बल्ब लागेपर्यंत पदराच्या टोकाशी चाळा करत बाजूला उभ्या राहतात. मी त्याच शाळेत नवा शिक्षक, घरातला पहिला पदवीधर, व्याख्या पाठ करून शिकलेला. त्यांच्या वर्गात मागे बसायला मला फार आवडतं.

मुख्याध्यापकांना मात्र हा प्रयोगाचा तास बंद करून परीक्षेची तयारी घ्यायची होती. हे सांगायलाच ते परवा मॅडमच्या वर्गात आले. टेबलावर बर्फाचे दोन सारखे तुकडे होते, एक उघडा आणि एक कापसात गुंडाळलेला.

"कोणता आधी वितळते, सर?" मॅडमनी विचारलं.

"कापसातला! कापूस गरम असते. आमच्या घरी खोलीभर राहते दरवर्षी, मले नका सांगू."

"पाहू ना, सर," एवढंच म्हणून मॅडमनी त्यांना खुर्ची दिली.

तास संपत आला तेव्हा उघड्या तुकड्याचं पाणी झालं होतं. कापसातला बर्फ मात्र बराचसा शिल्लक निघाला. पोरी खुदुखुदू हसल्या.

"हसता काहून?" मॅडम म्हणाल्या. "पहिल्यांदा मलेबी तसंच वाटलं होतं."

सरांनी तो तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"मले अजून पटलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी घरचा कापूस आणतो. हा तास परीक्षेच्या तयारीले देऊ नका."