साडेतीन तासांचं लग्न, एक डिस्क

"आहेर कापायचा न्हाई," महादेवीअक्का खुर्चीतून उठल्याच. "बाकी काय बी काढा की."

त्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म एका डीव्हीडीवर मावत नाही, एवढंच मी म्हणालो होतो. भवानी पेठेतल्या एका स्टुडिओत मी एडिटिंग करतो. हल्ली लोक पेनड्राइव्ह नेतात, नाहीतर लिंक मागतात. डिस्क मागणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं.

पण अक्कांची थोरली बहीण गंगव्वा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेली होती. लग्नाच्या तोंडावर पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. नवरीला लहानपणी तिनंच वाढवलेलं. लग्नाला येता आलं नाही म्हणून तिनं इरकल साडी पाठवली आणि अक्कांनी ती तिच्या नावानं स्टेजवर दिली. माइकवर आपलं नाव पुकारलेलं तिला ऐकायचं होतं. घरी जुना डीव्हीडी प्लेअर होता. सकाळी शेजारीण बटण दाबून शेतावर जाई. दिवसभर डिस्क बदलायला कोणी नाही, म्हणून सगळं एकाच डिस्कवर हवं.

डिस्कवर चार पॉइंट सात जीबी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जागा त्याहून थोडी कमीच मिळते. आमची फिल्म साडेतीन तासांची आणि तीस जीबीच्या पुढे. दुप्पट जागेची डबल लेयर डिस्क असते, पण ती दुकानांत मिळेना. मिळाली असती तरी जुना प्लेअर ती वाचेलच याची खात्री नव्हती. उरला एकच मार्ग, बिटरेट कमी करणं. बिटरेट म्हणजे चित्राच्या दर सेकंदाला दिलेली जागा. ती कमी केली की चित्राच्या चौकटी पडतात. पहिल्या प्रयत्नात अक्षता पडताना नवरा-नवरी चौकटींच्या ढिगात बुडून गेले.

मग मी टू-पास लावलं. यात कॉम्प्युटर आधी सगळी फिल्म नुसती बघतो. कुठे हालचाल जास्त, कुठे कमी, हे ध्यानात ठेवतो आणि दुसऱ्या खेपेला त्या हिशेबानं जागा वाटतो. दुपारची वेळ होती. गल्लीतल्या यंत्रमागांचा आवाज भिंतीतून येत होता. कॉम्प्युटर लग्न बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. वरात आली, धूर आला, दिवे फिरले, की पडद्यावरचा बिटरेटचा आलेख उसळायचा. आहेर सुरू झाला आणि रेघ खाली येऊन शांत पडून राहिली. कॅमेरा स्टँडवर, मागे तोच पडदा, एकेक माणूस येतंय, पाकीट देतंय, जातंय. मी लांबलचक म्हणून जो कापायला निघालो होतो, तो आहेर जागाच खात नव्हता. खात होता तो ड्रोन: झाडांची पानं, गाड्या, गर्दी, सगळं एकदम हलणारं.

ड्रोन आमच्या मालकांनी स्वतः उडवला होता.

"काय इंजिनिअर, माझाच ड्रोन काढतोस व्हय?"

मी इंजिनिअर नाही. बार्शीला बी.एस्सी. केलं, घरातला पहिला पदवीधर. मालक कौतुकानं म्हणतात की टोमण्यानं, ते प्रसंगावर असतं.

"मालक, त्या मावशींना कार्यालयाचं छप्पर बघून काय करायचंय?"

"आणि लग्न आपण शूट केलं हे कळणार कसं?"

"तुमचं नाव सुरुवातीला मोठं टाकतो."

"सोनेरी अक्षरात टाक. अन् घरच्यांच्या पेनड्राइव्हात ड्रोन ठेव, सांगून ठेवतो."

ड्रोनची जागा मी अक्षतांना दिली. आता दाणा न् दाणा सुटा दिसत होता. अक्का डिस्क घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, घोटाळा झाला की."

गंगव्वानं लग्न बघायचं म्हणून शेजारणीकडून नवी साडी नेसवून घेतली होती. मुठीत हळदीच्या अक्षता होत्या. मंगलाष्टकं लागली तशा तिनं पडल्या पडल्या त्या टीव्हीवर टाकल्या. पलंगाच्या पायाशी स्टुलावर टीव्ही, त्याच्यापुढे प्लेअर. प्लेअरच्या वरच्या फटींतून दाणे आत गेले. प्लेअर खरखरला आणि बंद पडला. आहेर पुढेच राहिला.

"रडायली व्हती," अक्का म्हणाल्या. "म्हणती, माजं नावच आलं न्हाई."

डिस्कवर आडवे ओरखडे पडले असणार. मी नवी डिस्क लिहिली, स्टुडिओतला प्लेअर पिशवीत घातला आणि अक्कांबरोबर एसटीनं निघालो. मालक ओरडले, "चार्जेस?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

पत्र्याच्या खोलीत दुपारची धग होती. गंगव्वा उशीला टेकून बसली होती. मी सरळ आहेर लावायला निघालो तर तिनं अडवलं. "पयल्यापास्नं लाव. मदीच लग्नात कोन येतंय?"

मग आम्ही पहिल्यापासून बसलो. या वेळी अक्षता तिनं पदराच्या गाठीत बांधल्या. आहेर सुरू झाला आणि ती पडद्यावरच्या एकेकाशी बोलू लागली. "ये ग, लई वाळलीस की." "ह्यो अजून जित्ता हाय?" "बा, बा," असं कानडीतून कुणाला जवळ बोलावलं. ऊन पत्र्याच्या एका भोकातून आत येऊन भिंतीवर सरकत होतं. पाहुणे स्टेजवरून उतरून आमच्या खोलीत येऊन बसताहेत, असं मला वाटू लागलं. जागा अपुरी पडत नव्हती.

माइकवर आवाज आला, "गंगव्वा मावशींकडून नवरीला इरकल साडी."

नवरीनं साडी डोळ्यांना लावली. गंगव्वानं डोक्यावर पदर घेतला, पडद्याकडे हात उचलला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता पंगत बसंल. जेवूनच जा, पोरा." अक्का हसत चुलीकडे गेल्या.

फिल्म डिस्कवर बसवणं हे गणित आहे, शिकता येतं. पण आता डिस्क द्यायची असली की मी आधी विचारतो, बघणारं कोण आहे आणि प्लेअर कुठे ठेवलाय. आणि लग्नाची असेल तर दोन प्रती लिहितो.