मंगबाईंची नाताळची सुट्टी

समोरच्या माणसाने कितीही सांगितलं तरी मंगबाईंना ते कधी पुरत नसे. मान किंचित तिरकी करून त्या विचारायच्या, "मंग?" रिक्षावाला म्हणाला, काल गाडी बंद पडली होती, की "मंग?" शिपाई म्हणाला, मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले, की "मंग?" हा एवढा एक शब्द त्यांनी जळगावात आल्या आल्या आमच्या शाळेच्या बसचे चालक नाना यांच्याकडून उचलला आणि त्याच्या जोरावर तीन वर्षं काढली. मंगबाई हे नाव मुलांनीच पाडलं. त्यांना कळलं तेव्हा त्या रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी आपल्या डब्यावर तेच नाव देवनागरीत लिहून घेतलं.

त्या आयर्लंडच्या. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी संस्थेने त्यांना आणलं होतं. इंग्रजी मीही शिकवत होते, चौदा वर्षांपासून, आणि माझ्या इंग्रजीला तोवर कुणी नावं ठेवली नव्हती. मंगबाई आल्या आणि पालकसभेत माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत गेली. पण खुर्चीचं दुःख मी चार दिवसांत विसरले. जे विसरता आलं नाही ते त्यांच्या सुट्ट्यांचं.

आमच्या शाळेला नाताळची दहा दिवस सुट्टी असते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी गृहीत धरलं, की बाई गोव्याला जाणार. बाईंनी एक पिशवी खांद्याला लावली आणि एसटी पकडून सारंगखेड्याला घोडेबाजार बघायला गेल्या. तिथून वर तोरणमाळच्या डोंगरावर. परत आल्यावर शिक्षकखोलीत त्यांनी सांगितलं, की एका घोड्याच्या व्यापाऱ्याने त्यांना शेकोटीपाशी बसवून जनावराचे दात कसे बघायचे ते शिकवलं. त्याआधीच्या हिवाळ्यांच्याही गोष्टी निघाल्या. लाओसमधल्या नदीवर डुकरांच्या पिंजऱ्याशेजारी बसून केलेला दोन दिवसांचा नावेचा प्रवास. किरगिझस्तानात बर्फात अडकल्यावर एका अनोळखी घरात काढलेला आठवडा. बेत काय असतो, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बेत नाही. बस थांबली की उतरायचं. कुणीतरी बोलतंच."

सारंगखेडा माझ्या माहेराहून तीन तासांवर. मी ते कधी पाहिलं नव्हतं. माझ्या दहा दिवसांत इथे जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या घरी नणंद आणि तिची मुलं येतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, ताटली भरून भरीत होतं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासून होतात. भरीत मला आवडतं. पण सुट्टीनंतर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे गेला होतात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "महाबळेश्वरला."

दुपारपर्यंत ते मंगबाईंच्या कानावर गेलं. डबा घेऊन त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. महाबळेश्वर? मंग? मग मला धुकं सांगावं लागलं, स्ट्रॉबेरी सांगावी लागली, आणि त्या एवढं मन लावून ऐकत होत्या, की मी एका वळणावर चहाची टपरी चालवणारी म्हातारीही उभी केली. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण पायांच्या आवाजावरून ती गिऱ्हाईक ओळखायची, असं मी सांगितलं. मला स्वतःलाच ती म्हातारी आवडली.

पुढच्या हिवाळ्यात मंगबाई महाबळेश्वरला गेल्या. परत येताना माझ्यासाठी जॅमची बाटली घेऊन आल्या आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, की दोन दिवस शोधलं, पण त्या आजीबाई काही सापडल्या नाहीत, बहुधा आता नसाव्यात. मी "असेल," म्हणाले. ती बाटली मी उघडली नाही. पुढे नणंदेच्या मुलांनी संपवली.

त्यांची भाषाही मला सोसत नव्हती. नाना आणि स्वयंपाकघरातल्या बायका यांच्याकडून त्या अहिराणी शिकल्या. "आज थंडी शे," असं त्या म्हणाल्या, की शिक्षकखोलीत टाळ्या पडत. मुख्याध्यापक पाहुण्यांसमोर त्यांना मुद्दाम बोलायला लावत. मी पारोळ्याजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी जळगावात आले, तेव्हा माझ्या तोंडी असाच 'शे' होता. वसतिगृहातल्या मुली त्यावर इतक्या हसल्या, की महिन्याभरात मी तो गिळून टाकला. पुढे आईशीसुद्धा मी शुद्ध मराठीतच बोलू लागले. आई तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या. माझी टाकून दिलेली भाषा एका परदेशी बाईने उचलली आणि तिचं कौतुक झालं, हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मंगबाई उत्तरेकडे जाणार होत्या. धुक्यामुळे गाड्या रद्द झाल्या आणि त्या सामान बांधून खोलीवर बसून राहिल्या. मी केवळ रीत म्हणून म्हटलं, मी दोन दिवस आईकडे चालले आहे, येता का? त्या लगेच उठल्या.

वडील गेल्यापासून आई गावी एकटीच राहते. शेत वाट्याने दिलेलं आहे. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मंगबाईही म्हणू लागल्या. दोन दिवसांनी नणंद येणार म्हणून मी निघाले, तर आई म्हणाली, बाईंना राहू दे. मंगबाई राहिल्या. आठवड्याने त्यांना न्यायला मी गावी गेले तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अक्का त्या बाईसंगे धुयाले गयी." धुळ्याला? दवाखाना असल्याशिवाय आई धुळ्याला जात नाही. मी घाबरून ओट्यावर बसले. आईचा मोबाइल आत वाजत होता.

चारच्या सुमाराला दोघी एसटी स्टँडवरून चालत आल्या. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. माझ्याकडे बघून ती नुसती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मंगबाई माझ्याशेजारी टेकल्या आणि मला सगळं माहीत आहे असं समजून बोलू लागल्या. इमारतीत आता कुठलंसं कार्यालय आहे. पहारेकरी आधी आत सोडेना. मग मंगबाईंनी त्याला सांगितलं, या इथल्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. त्याने खुर्ची आणून दिली. अक्का व्हरांड्यात अर्धा तास बसली, वरच्या मजल्यावरची आपली खिडकी दाखवली, आणि मग म्हणाली, चला.

"कसली विद्यार्थिनी?" मी विचारलं.

मला काहीच माहीत नाही, हे मंगबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. मग त्यांना सांगावंच लागलं. लग्नानंतर आईच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला मास्तरीण व्हायला धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात पाठवलं होतं. वसतिगृहात ती पाच महिने राहिली. पहिल्या परीक्षेत वर्गात पहिली आली. मग दिवस गेल्याचं कळलं आणि तिला घरी आणलं. पुन्हा जाणं झालं नाही. ते दिवस माझे होते. थोरली मीच.

आई चहा घेऊन बाहेर आली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं? तिने कप खाली ठेवले.

"तुले सांगं असतं, त तू रडती," ती म्हणाली. "ती रडनी नही. इचारत ऱ्हायनी."

मी रडत नव्हते. मला राग आला होता, आणि तो आईवर काढता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी जळगावच्या एसटीत मी तो मंगबाईंवर काढला. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत बोलले. तितकं चांगलं इंग्रजी मी वर्गात कधी बोलले नाही. म्हटलं, तुम्ही देशोदेशी माणसं गोळा करत फिरता. माझ्या आईला धुळ्याला नेणं हे माझं काम होतं. पुढच्या वर्षी तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्या देशात बसून तिची गोष्ट सांगाल, जशी इथे त्या नावेची सांगितलीत, आणि लोक टाळ्या वाजवतील.

एरंडोल आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, सांगेन. मी असंच करते. तू नको म्हणालीस तर ही सांगणार नाही."

त्यांनी भांडायला हवं होतं. माफी तरी मागायला हवी होती. सांगा असंही माझ्याने म्हणवेना, आणि सांगू नका म्हणण्याइतकी ती गोष्ट माझी होती का, हेही ठरेना. शाळा सुरू झाल्यावर आम्ही एकमेकींशी नीट वागलो. डबा मात्र त्या माझ्यासमोर आणीनाशा झाल्या, आणि मला त्याचंही वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये त्यांचा करार संपला. पुढची नोकरी जॉर्जियात होती. निघायच्या दिवशी आई गावाहून एकटी एसटीने जळगाव स्टेशनवर आली. माझ्या पदवीदान समारंभाला तिला यायला जमलं नव्हतं. हातात फडक्यात बांधलेल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. फलाटावर दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या आणि मी पिशव्या सांभाळत उभी होते. गाडीची घोषणा झाली तेव्हा मंगबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ती गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. सांगू का?

मी म्हटलं, "मला काय विचारता? अक्काला विचारा."

त्यांनी विचारलं. आईला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "सांग ना. बठ्ठासले सांग." सगळ्यांना.

गाडी गेली. आई फलाटावर बराच वेळ उभी होती. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, मला सोडायला ही अशी कधी उभी राहिली नाही. मग आठवलं, की मला कुणी सोडावं इतक्या लांब मी कधी गेलेच नव्हते.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत नणंदेचा फोन आला, येतो आहोत. मी म्हटलं, या, तुझा भाऊ घरी आहे, वांगी आणून ठेवली आहेत, भरीत तुम्ही करा. आणि आईला घेऊन धुळे, शहादा करत तोरणमाळला गेले. मंगबाईंनी पाहिलं होतं म्हणूनच गेले, हे कबूल करते. एसटीत आईला उलट्या झाल्या. खोलीत पांघरूण अपुरं होतं. पहिला दिवस ती, घरी म्हैस कोण बघत असेल, एवढंच बोलत होती. मला वाटलं, त्या बाईंना जमतं ते आपल्याला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावाच्या काठी उन्हाला बसलो. पाण्यावरून वाफ निघत होती. शाल डोक्यावरून घेऊन आई एकदम धुळ्याच्या त्या पाच महिन्यांतलं काही सांगायला लागली. खोलीतल्या एका मैत्रिणीचं. मध्येच थांबायची, पाण्याकडे बघायची. मोबाइल वाजला, मी तो बंद केला. ऊन आमच्या पायांवरून मांडीपर्यंत आलं तरी ती बोलत होती. मी तिला मधूनमधून विचारत होते, आणि नकळत तिच्याच बोलीत विचारत होते. जिभेला ते जरा जड जात होतं. ती हसली नाही.

सांगून झाल्यावर तिने शाल सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई मी तिले सांगं नही."

हे तिला सांगितलेलं नाही. मला इतका आनंद झाला, की या वयात त्याची लाज वाटते. मंगबाई मला अजून पत्रं पाठवतात. अक्का कशी आहे, तोरणमाळला काय काय केलंत, सविस्तर लिही, असं विचारतात. मी लिहिते. थंडी लिहिली, उलट्या लिहिल्या, वाफाळणारा तलाव लिहिला. ती गोष्ट लिहिली नाही. इथेही लिहिणार नाही.