बरणी वाढवली

१९५६ च्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे मुंबईत संचारबंदी असताना, माझ्या धाकट्या बहिणीचा डावा डोळा एका दिवसात सुजून बंद झाला. डोळ्यात चेहऱ्याला लावायचं क्रीम गेलं होतं. ते आमच्याच घरातलं होतं.

आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. बाहेरच्या खोलीत वहिनी ब्यूटी पार्लर चालवायची. फोर्टमधल्या एका पारशी बाईंकडे ती हे काम शिकली होती. दाराबाहेर पाटी नव्हती, पण लग्नसराईत लालबाग-परळहूनही मुली यायच्या. चाळीतल्या बायका हसायच्या. "तुमच्याकडे भिंती रंगवून मिळतात म्हणे," असं खालच्या मजल्यावरची एक बाई मला जिन्यात थांबवून म्हणाली होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. भाऊ त्या आठवड्यात पुण्यात अडकला होता.

वहिनीचं सगळं काम एका विलायती क्रीमवर चालायचं. आयात कमी झाल्यापासून ते मिळेनासं झालं होतं. मिळालेली बरणी ती पुरवून वापरायची. तळ दिसू लागला की गुलाबपाणी आणि उकळून गार केलेलं थोडं साधं पाणी घालून फेटायची. क्रीम पुन्हा गळ्यापर्यंत यायचं. याला ती "बरणी वाढवणं" म्हणायची. दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात घालणाऱ्या घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

बहिणीचा साखरपुडा दादरला व्हायचा होता. दिवस ठरला होता, पण शहर बंद झाल्यामुळे तो होईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दुपारी खिडक्या लावून आम्ही तिघं बसलो होतो. बाहेर शिट्ट्या ऐकू येत होत्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, नुसतं बसून भीती वाटते. या, भुवया करून टाकते."

तिनं भुवयांवर आणि पापण्यांवर क्रीम चोळलं आणि चिमट्यानं केस काढायला घेतले. तेवढ्यात रस्त्यावर आवाज झाला. गोळीचा होता की अश्रुधुराच्या नळकांड्याचा, हे मला तेव्हा कळलं नाही. बहीण दचकली. चिमट्याचं टोक डोळ्यात गेलं. वहिनीनं घाईनं कापसाच्या बोळ्यानं डोळा पुसला. बोळ्याला क्रीम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रात्रपाळी करून कचेरीतून परतलो तेव्हा डोळा लाल होता. वहिनीनं धन्याच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या. "डोळे आलेत, भावजी. उष्णता आहे," ती म्हणाली. दुपारपर्यंत पापणी उघडेना. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दोन बोटांनी पापणी वर केली. काळ्या बुबुळावर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका होता. सकाळी तो नव्हता.

"दादा, काय दिसतंय?" तिनं विचारलं.

मी "काही नाही" म्हटलं.

डोळ्यांचे एक डॉक्टर ठाकूरद्वारला राहत होते. कचेरीनं मला संचारबंदीचा पास मिळवून दिला होता, पण तो माझ्या एकट्याच्या नावाचा होता. आदल्या दिवशी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका माणसाला गोळी लागली होती. तो दूध आणायला उतरला होता, असं चाळीत बोललं जात होतं. बहिणीला न्यावं की डॉक्टरांना आणावं, याचा मी विचार केला. डॉक्टरांकडे पास असेल याची खात्री नव्हती. मी तिच्या डोक्यावरून पदर ओढला आणि आम्ही निघालो.

रस्ता पूर्ण रिकामा होता. इतका रिकामा रस्ता मी तोवर पाहिला नव्हता. विटांचे तुकडे पडले होते, एक चप्पल पडली होती. बहिणीला उजेड सहन होत नव्हता, म्हणून ती चांगला डोळाही मिटून माझ्या दंडाला धरून चालत होती. आमच्या पावलांचे आवाज समोरच्या इमारतींवरून परत येत होते. नाक्यावर हवालदारानं थांबवलं. त्याच्यामागे दोन बंदूकधारी शिपाई होते.

"पास एकाचा हाय. बाई कोन?"

"बहीण. डोळा जातोय तिचा."

"समदे असंच सांगतात."

बहिणीनं पदर मागे केला. हवालदारानं बघितलं आणि नजर वळवली. "भिंतीच्या कडंनं जा," तो म्हणाला. "धावू नका. धावलात तर माझ्या हातात काय न्हाई."

आम्ही धावलो नाही. पाठीमागे बंदुका आहेत हे माहीत असताना सावकाश चालण्याइतकं कठीण काम मला त्यानंतर कधी करावं लागलेलं नाही.

डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळा तपासला. बुबुळाला जखम झाली आहे आणि ती पिकली आहे, असं ते म्हणाले. इतक्या लवकर कशी पिकली, हे त्यांना कळेना. डोळ्यात काय गेलं होतं ते घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. मी त्याच नाक्यावरून एकटा परत गेलो.

वहिनी मोरीजवळ उभी होती. बरणी तिच्या हातात होती, झाकण उघडलेलं. ती धुवायला निघाली होती.

"चांगलं आहे हो क्रीम. विलायती आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तीनदा वाढवलंय, भावजी."

डॉक्टरांनी क्रीमचा वास घेतला. वास गुलाबाचा होता. "हे वासावर कळत नाही," ते म्हणाले. क्रीम टिकावं, त्यात जंतू वाढू नयेत, म्हणून कारखान्यात एक द्रव्य घालतात. ते बरणीतल्या क्रीमच्या मापानं घातलेलं असतं. "लोणच्यात पाणी ओतलं आणि मीठ तेवढंच ठेवलं, तर लोणचं राहील का? तसं झालंय. क्रीम उरलंय, राखणदार नाही." संचारबंदीमुळे त्या दिवसांत पार्लरमध्ये कुणी आलं नव्हतं. ती बरणी कोनाड्यात नुसती उभी होती आणि आत जंतू वाढत होते. बहिणीशिवाय ती कुणाला लागली नव्हती.

त्यांच्याकडे स्ट्रेप्टोमायसीन हे जंतू मारणारं औषध होतं. त्याचे थेंब तासातासाला घालायचे होते. जखम बुबुळातून आरपार गेली तर डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे, हे त्यांनी बहिणीसमोरच सांगितलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून तिला त्यांनी तिथेच ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी चाळीच्या गच्च्यांवरून आणि मागच्या बोळातून तिथे आली. कशी आली ते तिनं धड सांगितलं नाही. तिचा कोपर खरचटला होता. ती दारातच थांबली, आत येईना.

"वन्सं, मला मारा," ती म्हणाली.

"आधी दुसऱ्या डोळ्याला लावा ते क्रीम," बहीण म्हणाली. "जोडी तरी जमेल."

वहिनी मोठ्यानं रडली. बहिणीचा हात अंथरुणावर तिला शोधत होता, पण डाव्या बाजूला, जिथे वहिनी नव्हती.

ठिपका त्या दिवशी वाढला. त्याच्या पुढच्या दिवशी तेवढाच राहिला. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी बॅटरी विझवून हात धुतले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो.

संचारबंदी उठल्यावर तिला घरी आणलं. त्यानंतर डॉक्टरांनी घरी येऊन पट्टी काढली. डोळा काढावा लागला नाही. बुबुळावर फूल पडलं, पांढरा डाग कायमचा राहिला. उजवा डोळा झाकून तिला अंथरुणाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांची बोटं मोजता आली. ते दारापाशी गेले आणि त्यांनी पुन्हा हात वर केला. तिला हात दिसला. बोटं दिसली नाहीत.