दुर्बिणीवरचा लाल ठिपका

मंडळी, आधीच सांगतो. भूत, करणी, अंगात येणं... असलं सगळं मी आयुष्यभर शिव्या घालून हाकललंय. गिरणीत फिटर होतो, शाळा सातवीपर्यंत. हाताला लागेल तेच खरं, एवढंच मला कळतं. तेव्हा मला शहाणपण शिकवू नका, नुसतं वाचा.

आमच्या हिला पक्ष्यांचं वेड. दर रविवारी मुलुंडहून ग्रुपबरोबर भांडुपच्या खाडीवर जायची. गेल्या वैशाखात हार्टने वारली. आठ दिवस छातीत कळा येत होत्या, शेजारणीला सांगितलंन, मला नाही! का? तर मी रविवारचं जाणं बंद केलं असतं म्हणून. हा राग माझा अजून उतरलेला नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, आईची दुर्बीण ग्रुपला देऊन टाका." म्हटलं, टळू दे एकदाची. दसऱ्यानंतरच्या रविवारी स्वतःच घेऊन गेलो.

दुर्बिणीच्या उजव्या भिंगाला एक रिंग असते. ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची. हिचा उजवा डोळा अधू, म्हणून आपल्या नंबरावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. मी खिडकीतून मैदानातली मॅच बघायला रिंग फिरवायचो, की ही भडकलीच — "परत फिरवलात? तुमका दुसरो उद्योग नाय?"

तर खाडीच्या बांधावर ग्रुपच्या नेने मॅडम म्हणाल्या, "काका, देण्याआधी एकदा बघा तरी. शेकाट्या आल्यात." मी रिंग माझ्या नंबरावर आणली. बघितलं. काटकुळ्या लाल पायांचे पक्षी चिखलात चोची खुपसत होते. यासाठी जीव टाकायची बाई!

मॅडम पुढे गेल्या. पाणी प्यायलो, दुर्बीण परत डोळ्याला लावली... उजवीकडे सगळं धुरकट. रिंग लाल ठिपक्यावर!

म्हटलं, शर्टाला घासली असेल. पण ती रिंग घट्ट, दोन बोटांचा जोर लागतो. परत माझ्या नंबरावर आणली आणि या वेळी अंगठा तिच्यावर दाबूनच बसलो. आजूबाजूला चिटपाखरू नाही... म्हणजे माणूस नाही, पाखरं ढीगभर. दहाएक मिनिटांनी अंगठा न काढता बघितलं.

धुरकट. अंगठ्याखाली लाल ठिपका.

माझं डोकंच फिरलं. बांधावर उभा राहून ओरडलो — "छातीचं सांगायला तोंड नव्हतं तुला, आणि आता रिंग फिरवायला हात आहे?"

शेकाट्या भर्रकन उडाल्या. मॅडम धावत आल्या. "काका, काय झालं?"

"काही नाही. दुर्बीण देणार नाही."

"राहू द्या ना काका, कोण मागतंय?"

घरी येऊन रिंग तपासली. आटे शाबूत, कणभर ढिली नाही. कपाटावर माझ्या नंबरावर ठेवली तर हलत नाही. खाडीवर नेली की ठिपक्यावर. चार रविवार झाले. कसं, ते मला ठाऊक नाही. कुणाला कळलं तर सांगा, पण 'काका, वय झालं' म्हणू नका.

आता मी रिंगला हात लावत नाही. उजवा डोळा मिटतो आणि डाव्याने बघतो. उजवी बाजू तिची. पण राग आहेच. तोही दर रविवारी बरोबर घेऊन जातो.