तीन नंबरचं मशीन

नव्व्याण्णव साली आमच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, डिंडोलीत, सायबर कॅफे निघाला आणि मी, मराठी शाळेचा मास्तर, रोज संध्याकाळी तीन नंबरच्या मशीनवर ईमेल शिकायला बसू लागलो. शिकलो मात्र विटा रचण्याचा एक खेळ. जिंकलं की एक पायरी वर, हरलं की एक खाली. कितवी पायरी चालू आहे, हे तो खेळ त्या मशीनमध्येच लिहून ठेवायचा. खेळणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे मी नवव्या पायरीवर सोडलेला खेळ दुसऱ्या दिवशी बाराव्या पायरीवर सापडायचा. मी खुशाल पुढे खेळायचो आणि पुन्हा नवव्या पायरीवर यायचो.

एकदा लूमच्या सुट्टीला माझ्या वेळेला तिथे एक माणूस बसलेला दिसला. केसांत धाग्यांचे बारीक तंतू. कापडावरून फिरवावा तसा तो मधूनच पडद्यावरून तळहात फिरवायचा. उठताना त्याने रुमालाने कीबोर्ड पुसला, खुर्ची सरळ केली.

"बाजूचं मशीन रिकामं होतं की," मी म्हणालो. "तिथे पहिल्यापासून खेळायचं."

"पहिल्यापासून कशाला? लूमवर पाळी बदलली की दुसरा पुढचं विणतो, तसंच हे. सकाळी मी, संध्याकाळी दुसरा कोणीतरी." मग आवाज खाली आणून अहिराणीत म्हणाला, "संध्याकायना कारागीर कच्चा शे, भाऊ. पन शिकी जाई."

पोरांच्या वह्यांवर लाल शाईने 'कच्चा' लिहिण्यात माझी हयात गेली होती. तो कारागीर मीच, हे सांगायला जीभ रेटली नाही. त्याची पाठ वळल्यावर बसलो, जीव तोडून खेळलो, बाराव्या पायरीवरचा खेळ अकराव्या पायरीवरच थोपवला आणि उठताना कीबोर्ड पुसला.