लांब हाताचं मशीन आणि मागचे तिघे

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका शेडचं काम चाललं होतं आणि तिथं नव्या मशीनवर ड्रायव्हर म्हणून चिकटायला मी धडपडत होतो. त्याआधी उसाचा ट्रॅक्टर हाकलेला, गोदामात साधं फोर्कलिफ्ट. कंत्राटदाराला छाती ठोकून सांगितलं, "मालक, ह्यात काय हाय? पोरखेळ." पत्रे वर चढवून दाखवले तर नोकरी पक्की, नाहीतर मी परत उसात.

साधं फोर्कलिफ्ट माल सरळ वर उचलतं, त्यामुळे त्याला जागेला चिकटून उभं राहावं लागतं. इथं भिंतीलगत चर खणलेला, चिकटणार कुठं? या मशीनचा हात मात्र जुन्या रेडिओच्या एरियलसारखा नळीतून नळी निघत चरापलीकडं पोचायचा. म्हणून तर ते आणलेलं.

पत्र्यांचा गठ्ठा उचलला. फुलासारखा आला. हात लांबवत नेला, तर अर्ध्या वाटेत भोंगा बोंबलला, लाल दिवा लागला आणि मशीन ठप्प. हात मागं घेतला की गप्प, पुढं नेला की बोंब. गठ्ठा तोच, मशीन तेच. मग मधेच जड कसा झाला? माझं डोकंच चालेना.

मग उसातली अक्कल कामाला लावली. ट्रॉल्या जड होऊन ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागलं की आम्ही बोनेटवर माणसं बसवायचो. इथं शेपूट हलकं होत असणार! तीन धिप्पाड फिटर बोलावून मागं बसवले. आणि खरंच भोंगा थांबला, हात वीतभर आणखी सरकला. मी मनातल्या मनात फेटा बांधला.

तेवढ्यात चहा आला आणि एक फिटर उतरला. मागची चाकं डुलली, भोंगा किंचाळला.

"बस की लेका! तुझा चहा हुतोय आणि माझा जीव जातोय!"

"मग कप हितंच आणा म्हणावं," मागून दुसरा म्हणाला.

घाबरून मी हात खाली घ्यायचा दांडा ओढला. खाली म्हणजे धोका नाही, एवढाच माझा हिशेब. पण वर उचललेला तिरका हात खाली येताना आणखी लांब पसरतो. मशीनला ते कळत होतं, मला नाही. ते हललंच नाही.

मालक धावत आले. "काय रं, वरात काढलीस व्हय? आधी हात आत घे!"

घेतला. शांतता.

"भरलेली घागर छातीशी धर, मग हात लांब करून धर. कळंल तुला. आता गठ्ठा फोड आणि अर्धा अर्धा ने."

अर्धा गठ्ठा घेऊन तोच हात पार पलीकडं गेला, भोंगा मुका. संध्याकाळी पत्रे वर होते आणि मी खाली, नोकरीचं विचारावं की न विचारता पळावं या घोळात. मालकांनी गाडीला किक मारली.

"उद्या आठला ये," ते म्हणाले, "पण एकटाच ये."